व्याह्यांनी आणलेली साखळी

माझे अण्णा आटपाडीचे. त्यांच्या मते पाणी ही विहिरीच्या तळाशी असणारी वस्तू, आणि ती काही चोरीला जात नाही. चोरीला जाते ती मोटार. आमच्या विहिरीवरची मोटार केबलसकट गेली, तेव्हापासून जे जे हलेल त्याला अण्णा साखळी घालत आले. सायकलला घातली, नांगराला घातली. आई म्हणायची, मी जरा फिरते म्हणून माझाही नंबर लागेल.

अशा माणसाची लेक पडली कोयनेच्या जलाशयाकाठी. सासर बामणोलीच्या बाजूला, मी शिकवते ती शाळा समोरच्या काठावर. नवरा मुंबईत कामाला. रोज घरच्या होडीनं जायचं. सासरे इंजिन धरतात, मी पुढे डबा मांडीवर घेऊन बसते.

अण्णांना बुडण्याची धास्ती होतीच, पण लुटारूंची त्याहून जास्त. दर फोनला एकच पालुपद. "मदल्या पाण्यात कुनी आडवलं तर? तितं तुजं कोन हाय?"

मी त्यांना सासऱ्यांचे नियम सांगायची. मंगळसूत्र पदराखाली, मोबाइल पिशवीत गुंडाळून डब्याच्या तळाशी. अनोळखी होडीनं हात केला तर काय हवं ते लांबूनच विचारायचं, होडीला होडी लावू द्यायची नाही. काठाला लागलं की इंजिन सोडून खांद्यावरून घरी न्यायचं, वल्ही दाराआड ठेवायची आणि होडी लांब दोरानं जांभळीला बांधायची. अण्णांना सगळं पटे, दोर सोडून. नुसत्या दोरानं तर कुणी शेळीही बांधत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यात वरच्या वाडीतली एक होडी कुणी तरी दोर कापून नेली. हे मी फोनवर बोलून गेले आणि आषाढात अण्णा दारात हजर. एका हातात डाळिंबांची पिशवी, दुसऱ्या हातात विहिरीवरची साखळी आणि मुठीएवढं कुलूप.

चहा होईतो त्यांनी काम उरकलंसुद्धा. होडीचं नाक जांभळीच्या बुंध्याशी ओढून, वीतभरही ढील न ठेवता, म्हैस खुंट्याला बांधावी तशी होडी आवळून टाकली. सासऱ्यांनी काठावरून पाहिलं आणि अण्णांना चहाला हाक मारली. पावसाळ्यात धरणाचं पाणी चढतं, होडीला वर यायला ढील लागते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण व्याही एवढ्या लांबून लेकीसाठी साखळी घेऊन आलेला, त्याला तोंडावर चुकलं कसं म्हणायचं? अण्णा जेवून आडवे झाले की हळूच सैल करू, असा त्यांनी बेत केला. बेत चांगला होता. फक्त किल्ली अण्णांच्या करगोट्याला होती. आता झोपलेल्या व्याह्याच्या कमरेला कोण हात घालणार? वर पाऊस कोसळत होता आणि माझे सासरे मर्यादेपायी कूस बदलत पडले होते.

सकाळी जांभूळ गुडघाभर पाण्यात उभी होती. होडीचं नाक साखळीनं खाली ओढलेलं, मागची बाजू वर, आत पाणीच पाणी. आणखी थोडं पाणी चढलं असतं तर होडी गेलीच असती, आणि होडी गेली की माझी शाळाही गेली. अण्णांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला होडीपेक्षा त्यांचीच काळजी वाटली.

"किल्ली द्या पाव्हणं, मी उतरतो," सासरे म्हणाले.

"साखळी माजी हाय," म्हणून अण्णा निघाले. जन्मात कधी घोट्याच्या वर पाण्यात न गेलेला माणूस निसरड्या चिखलात पाय रोवत चालला. जांभळीपाशी त्यांचा पाय घसरला आणि ते उताराच्या बाजूनं गळ्यापर्यंत आत गेले. मी ओरडले. तोवर सासऱ्यांनी मागून उडी घेऊन त्यांचा हात धरला होता. तो हात त्यांनी सोडला नाही. अण्णांनी दुसऱ्या हातानं, पाण्याखाली चाचपत, कुलूप उघडलं. साखळी आणि कुलूप दोन्ही तळाला गेली, किल्ली तेवढी अण्णांच्या मुठीत राहिली आणि होडीचं नाक वर आलं.

दिवसभर दोघं घमेल्यानं होडीतलं पाणी उपसत बसले. अण्णांना तोंड वर करवेना. शेवटी सासरेच म्हणाले, "येक गोष्ट खरी पाव्हणं, चोरानं काय न्हेली न्हाई." मग अण्णा हसले. मलाही त्या दोघांवर इतकी माया आली की चहात साखर दोनदा पडली.

आता अण्णांचा फोन येतो तो पाणी किती चढलं आणि दोर सैल सोडलाय का, हे विचारायला. लुटारूंचं नाव नाही. गेल्या दिवाळीला मी माहेरी गेले, तर अंघोळीहून आलेल्या अण्णांच्या करगोट्याला ती किल्ली तशीच. कुलूप धरणाच्या तळाशी, मग हे लोढणं कशाला, मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "तितं तुजं कोन हाय म्हून इचारत हुतो न्हवं? ही आसली की कोन हाय ते ध्यानात ऱ्हातंय."