माझ्या पाठीशी उभं राहायचं ते कोण?

डोक्याचा फोटो निघाला त्या दिवशी माझ्या श्रद्धेलाच तडा गेला. धाड गावी आमच्या दत्ताच्या देवळात दर गुरुवारी भजन असतं. भजनात रंगले की कधीकधी माझ्या पोटातून काहीतरी वर चढत यायचं, समोरचं सगळं आधी कधीतरी पाहिल्यासारखं वाटायचं आणि पाठीशी कुणीतरी मायेनं येऊन उभं राहायचं. मग काही क्षण भान नसे. बायका सांगायच्या, नजर थिजते, ओठ हलतात, हात पदराशी चाळा करतात. त्या माझ्या पाया पडत. दत्तगुरू येऊन जातात, असं मीही मानत होते.

पुढे एकदा चुलीपाशीच कोसळले आणि हात भाजला. यजमानांनी बुलढाण्याला नेलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरून दाखवला. डाव्या कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूचा आठवणी सांभाळणारा भाग आक्रसला होता, व्रण पडल्यासारखा. "ही मिरगी आहे. झटके येत राहिले तर आणखी नुकसान होऊ शकतं. गोळ्या चुकवू नका."

मी विचारलं, "मंग माह्या पाठीशी उभं राह्यते ते कोन हाय?"

त्यांनी फोटो खाली ठेवला. "ती झटक्याची सुरुवात असते, ताई. देवाचं मला नाही सांगता येणार."

एसटी स्टँडवर मी यजमानांना म्हटलं, "गोळीनं देव जात असंन, तर मी अशीच बरी." ते चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानाकडे गेले. मी बाकावर बसले होते. पोटातून ते वर चढू लागलं. या वेळी मात्र पाठीशी कुणी आलं नाही. नुसती भीती आली.

शुद्धीवर आले तेव्हा मी कुशीवर होते, डोक्याखाली ओढणीची घडी. एक वयस्क मुसलमान बाई जवळ फरशीवर बसून, नाकाला कांदा लावायला आलेल्यांना हटवत होत्या. "सरका बाजूले, हवा येऊ द्या तिले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गोळी चालू हाय का, बेटा?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. "माह्या बहिनीलेबी असंच होये. नूर दिसते म्हने, अल्लाचा उजेड. गोळी सोडली तिनं. मंग एक डाव विहिरीवर गेली, ते वापस आलीच नाही." माझं तोंड पुसत एवढंच म्हणाल्या, "अल्लाले यायचं असंन, तर तो बिमारीची वाट पाहीन का?"

यजमान आले. मी स्वतः हात पुढे करून गोळी मागितली. तेवढ्यात चिखलीची गाडी लागली आणि बाई गेल्या. नाव विचारायचंही राहिलं.

आता झटके क्वचितच येतात. पाठीशी उभं राहणारंही येत नाही. सुरुवातीचे गुरुवार फार कोरडे गेले. त्या बाईंना कुणी पाठवलं, याचा खल मी करत नाही, पण हात जोडते तेव्हा आधी त्यांचा चेहरा समोर येतो. मेंदूतला व्रण तसाच आहे, त्यामुळे पाठ असलेले अभंगही मध्येच हरवतात. बायका आता माझ्या पाया पडत नाहीत, खेटून बसतात. मी अडले की त्या ओळ उचलतात. पूर्वी मला लाज वाटली असती. आता मी टाळ थांबवत नाही, आणि शब्द सापडेपर्यंत त्यांच्या आवाजावर स्वतःला सोडून देते.