दुप्पट केलेलं वाजवणं

बँकेतून निवृत्त झाले आणि पियानो शिकायला लागले. वय अठ्ठावन्न, डोकं तापट. उन्मेष सर म्हणाले, "नयनाताई, हा उजव्या हाताचा धावता तुकडा फार चिवट आहे हं." मला तेवढंच पुरलं. इरेला पेटले.

सरांची पद्धत सरळ. मेट्रोनोम, म्हणजे टकटक करत लय देणारं ते यंत्र, साठावर लावायचं. तीनदा बिनचूक वाजलं की दोन आकडे वर, चुकलं की दोन खाली. गाठायचं होतं एकशे बत्तीस. मी तीन महिने ब्याण्णववर अडकले. चौथं बोट ऐन वेळी दगा द्यायचं. शेजारच्या प्रेमलाबाईंनी विचारलं, "अजून तेच का हो?" असं डोकं फिरलं म्हणून सांगू!

माझा पियानो इलेक्ट्रॉनिक. त्यावर हळू वाजवून रेकॉर्ड केलेलं हवं तितक्या जलद ऐकवता येतं, सूर जराही बदलत नाहीत. मी सहासष्टवर वाजवलं, वेग दुप्पट करून एकशे बत्तीस केला आणि सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. फुशारकी, दुसरं काय!

सर बिचारे हरखले. त्यांनी तेच क्लासमधल्या देवश्रीला ऐकवलं. शहराच्या गोरवा भागातली तेरा वर्षांची पोर, वर्षभर त्याच तुकड्याशी झगडत होती. "बघ, काकू या वयात करतात!" पुढच्या आठवड्यात ती क्लासला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सर म्हणाले, "सोडलं तिनं. म्हणते, माझ्यात ते नाहीच."

अशी लाज वाटली की कुणाला तोंड दाखवू नये. दोन दिवस सबबी शोधल्या. मग सरांना फोनवर खरं सांगितलं. स्कूटर काढली आणि गोरव्याला गेले.

देवश्रीच्या आईनं, श्रद्धानं, गुजराती थाटात "आवो आवो" करत आत घेतलं. पियानोवर इस्त्रीचे कपडे रचलेले होते. दोघींसमोर मी सगळं सांगून टाकलं. मग कपडे उचलून खुर्चीवर ठेवले आणि ब्याण्णववर वाजवून दाखवलं. दोनदा अडखळले.

देवश्री हसली नाही, चिडलीही नाही.

"काकू, तुम्ही ब्याण्णववर आहात?"

"हो गं."

"मी तर एकशे सोळाला पोचले होते." ती आईकडे वळली. "आई, मग मी रोज रडत का होते?"

श्रद्धानं तिला जवळ घेतलं. मला मान वर करवेना.