जॅक बसला तेव्हा
टॅक्सीवाल्या दादांनी जॅक घेताना बायकोचं ऐकलं नाही. "गाडी जड आहे, मोठा घ्या," ती म्हणाली होती. दादा ऐकतील तर शपथ. त्यांनी छोटाच आणला आणि घरात अबोला सुरू झाला.

एका दुपारी त्या जॅकवर गाडी उचलून, आधाराचे स्टँड न लावताच ते खाली शिरले. आतलं तेल गळून जॅक हळूहळू बसला. काढलेलं चाक त्यांनी सवयीने कडेला गाडीखाली सरकवलं होतं, त्यावर गाडी टेकली म्हणून जीव वाचला. पण छातीवर लोखंड आलं. श्वास अर्धाच आत जाई, हात हलेना. दारात बायकोची पावलं दिसत होती, तरी हाक मारणं जड गेलं.

"अगं," शेवटी ते कसंबसं म्हणाले.

ती वाकली, पाहिलं आणि धावली. शेजारच्या गॅरेजमधला मोठा जॅक तिने ओढत आणला. "कुठे लावू?"

"चाकामागच्या जाड पट्टीखाली. पातळ पत्र्याला नको. सावकाश."

गाडी वर गेली. दादा सरपटत बाहेर आले, तेव्हा ती फरशीवर बसून रडत होती.

दादा आजही टॅक्सी चालवतात, पण गाडीखाली जात नाहीत. कधी झोपेत छाती आवळते. मग ते तिला उठवतात आणि ती खिडकी उघडते.