लॉगआउट करणारी मी एकटी

मला वाचवलं ते स्टोअरच्या बाईंनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझा संताप वर येतो आणि बाई मागं राहतात.

बाई कोल्हारच्या, पन्नाशीच्या. सुप्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायच्या. मी नवऱ्यामागं गडचिरोलीकडून आलेली, नववीतच शाळा सुटलेली. टायपिंग येत होतं म्हणून डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करतात तिथं, कॉम्प्युटरवर बसवलं, तेही तात्पुरतं. नवऱ्याचं काम तेव्हा सुटलेलं. ही नोकरी गेली तर दोन दिवसांचा प्रवास करून माहेरच्या दारात उभं राहायचं, एवढंच उरलं होतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कारखान्यात लिनक्सचं मशीन आलं. मशीन एकच, पण गेट, स्टोअर आणि डिस्पॅच अशी त्याला जोडलेली पडदा-कीबोर्डची तीन टर्मिनलं. मालाच्या फायली कुठं ठेवल्यात हे प्रोग्रामला एका व्हेरिएबलवरून, म्हणजे आधी सांगून ठेवलेल्या पत्त्यावरून, कळायचं. पुण्याच्या इंजिनिअरनं प्रत्येक टर्मिनलवर तो पत्ता सांगणारी एक्स्पोर्टची ओळ हातानं टाइप केली, चालवून दाखवलं आणि भिंतीवर कागद चिकटवला: ‘काम संपल्यावर लॉगआउट करावे.’

तो कागद पाळला मी एकटीनं. गेटवाले पाळीमागून पाळी त्याच लॉगिनवर काम करायचे. बाईसुद्धा पडद्यावर फडकं टाकून घरी जायच्या. मी मात्र रोज नीट बाहेर पडायचे, आणि रोज सकाळी माझ्याच पडद्यावर यायचं, फाईल सापडत नाही.

इंजिनिअर तीनदा आला. तीच ओळ टाइप करायचा आणि माझ्यादेखत मॅनेजरला म्हणायचा, “चालतंय बघा. बाकी दोन्हीकडं काही होत नाही. या बाई काहीतरी दाबतात. शिक्षण किती यांचं?”

जणू मी खुर्चीतच नव्हते! मॅनेजर म्हणाले, “शनिवारपर्यंत बघू. नाहीतर दुसरं कुणीतरी बसवू.”

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी मला गाठलं. “रडू नगं. तू दाबतीस काय, ते मला दाव.”

मी सगळं दाखवलं. लॉगआउट केल्यावर त्या थांबल्या; हे त्या स्वतः कधीच करत नव्हत्या. मशीनबरोबर आलेलं जाडं इंग्रजी पुस्तक त्यांच्या कपाटात होतं. दोन दिवस त्या बोट ठेवून वाचायच्या, मराठीत सांगायच्या आणि मी वहीत उतरवायचे. हातानं टाइप केलेली ओळ त्या लॉगिनपुरतीच असते, बाहेर पडलं की गेली. /etc/profile ही फाईल मात्र प्रत्येकाच्या लॉगिनला वाचली जाते.

“म्हंजी गेटवरचा फळा,” बाई म्हणाल्या. “आत येईल त्यो वाचूनच येनार. आन् ह्यो बाबा दर खेपेला एकेकाच्या कानात सांगतोय व्हय!”

शनिवारी इंजिनिअर पुन्हा आला. बाई म्हणाल्या, “साहेब, माझं चालतंय ना? बघा आता.” त्यांनी स्वतःच्या टर्मिनलवर लॉगआउट केलं, पुन्हा लॉगिन केलं. फाईल सापडत नाही.

“आता मी बी बिघडवलं का?”

इंजिनिअर चष्मा पुसत बसला. रूटचा, म्हणजे सगळ्या मशीनवर हक्क देणारा, पासवर्ड बंद पाकिटात बाईंच्याच कपाटात असायचा. त्यांनी मॅनेजरांसमोर पाकीट फोडलं. “तू लिही पोरी.” /etc/profile उघडून मी फायलीच्या शेवटी तीच ओळ लिहिली. मग तिन्ही टर्मिनलवर नव्यानं लॉगिन केलं. गेटवाल्यांना तर स्वतःचा पासवर्डच आठवेना, तो नवा घालून द्यावा लागला. तिन्ही चालली. दुसऱ्या दिवशीही, त्यानंतरही.

आणि त्या माणसानं रिपोर्टात काय लिहावं? ‘ऑपरेटरची चूक दुरुस्त केली.’ इंग्रजीत लिहिलेलं, म्हणून मला कळलंही नसतं. बाईंनी वाचून दाखवलं आणि सही करायला साफ नकार दिला. मॅनेजरांनी मुकाट्यानं केली. मला कामावर ठेवलं, पण ‘चुकलं’ एवढा शब्द दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघाला नाही. सांगितलेलं जिनं पाळलं तिलाच गुन्हेगार ठरवलं, याची चीड अजून गेलेली नाही.

पुढं रोज जेवणाच्या सुट्टीत बाईंनी मला इंग्रजी वाचायला शिकवलं. आता त्यांची नजर गेली आहे, पेपरसुद्धा दिसत नाही म्हणतात. बाई, मी फार लांब असते, पण एक दिवस कोल्हारला राहायलाच येईन. तुम्ही बसा आणि सांगाल ते मी वाचेन, न समजलेलं पुन्हा वाचेन, तुमच्यासारखंच बोट ठेवून.