दोन घरं चाललेलं प्यादं

लग्न होऊन मी जामखेडला गेले आणि पुणतांब्याला, माझ्या माहेरी, माझ्या जागेवर वहिनी बसली. जागा म्हणजे वडिलांच्या बुद्धिबळाच्या पटासमोरची. चुलीपुढची जागा तिनं खुशाल घ्यावी, माझं काही म्हणणं नव्हतं!

वडिलांनी मला शिकवला होता तो देशी डाव. त्यात प्यादं पहिल्यापासून एकेकच घर चालायचं. शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची, बस. आणि खरा मान प्यादेमातीला. वजिरानं सहज मात होत असली तरी वडील थांबायचे, प्याद्याला दमानं पुढं आणायचे आणि त्याच्याच हातून माझ्या राजाला मारायचे. एकेक डाव दुपारभर चालायचा.

वहिनी संगमनेरच्या कॉलेजात शिकलेली. तिचं बुद्धिबळ पुस्तकातलं. प्यादं पहिल्या चालीलाच दोन घरं, राजा हत्तीला ओलांडून कोपऱ्यात लपणार, मात कुणीही करा. सगळी मेली घाई!

बहात्तरच्या दुष्काळात मी माहेरी गेले, तर दोघं पटावर. वडील मोठ्यानं हसत होते. माझ्याशी खेळताना असे कधी हसल्याचं मला आठवेना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

संध्याकाळी वडील मला म्हणाले, "ये, बस." सोंगट्या मांडल्या. आणि त्यांनी पहिलंच प्यादं दोन घरं पुढं टाकलं.

"दादा, आपल्यात एकच घर चालतं."

"आरं तिच्या! हाताला सवय लागली बघ," म्हणत त्यांनी ते मागं घेतलं.

सवय! सासरी जाऊन मला वर्ष झालं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते दिसू नये म्हणून मी मान खाली घालून सोंगट्या बघत राहिले. त्या दिवशीही त्यांनी मला प्याद्यानंच मात दिली, पण माझं मन काही निवलं नाही.

निघायच्या दिवशी वहिनी भाकरी बांधून देत होती. हळूच म्हणाली, "वन्सं, तुमचा तो डाव मला शिकवा ना. मामंजी शिकवतच नाहीत. म्हणतात, त्यो माझ्या लेकीचा डाव हाय, तिलाच इचार."

मला असा काही आनंद झाला म्हणता!

"तो शिकवून येत नाही, वहिनी," मी म्हणाले. "त्याला या घरात जन्मच घ्यावा लागतो."

आणि पिशवी उचलून एसटी गाठायला निघाले.