आदेमारचा आवाज आणि पुदिन्याची वाफ

आदेमार भाजीबाजारात ओरडायला लागला, की ला तेहा वस्तीतल्या बायका पिशव्या शोधायला लागायच्या. "संत्री घ्या संत्री! सासूसुद्धा गोड बोलेल अशी संत्री!" त्याची गाडी दिसायच्या आधी आवाज यायचा. आणि फेब्रुवारीच्या उकाड्यात कार्निव्हल आला, की हाच गडी तोंडाला रंग फासून 'भुकेले नवरदेव' या गाण्याच्या मंडळात उभा राहायचा. बाकीची मंडळी खालच्या सुरात गात, हा सगळ्यांच्या डोक्यावरून, वरच्या सुरात. शेवटचं निरोपाचं गाणं त्याचंच. भल्याभल्यांचे डोळे ओले व्हायचे. त्याची बायको निबिया म्हणायची, "घरात कधी एवढं गोड बोलला नाही मेला."

सिगारेट त्याने तरणा असल्यापासून ओढली. नात झाली, तेव्हा निबियाने दारातच अडवलं. "ही दुर्गंधी घेऊन पोरीला हात लावायचा नाही." मेव्हण्याने सीमेपलीकडून चोरून आलेला एक व्हेप, म्हणजे बॅटरीवरची वाफेची सिगारेट, आणून दिला. पुदिन्याचा. "अरे, ही नुसती वाफ," मेव्हणा म्हणाला. आदेमारला पटलं. घशात गारवा, कपड्यांना वास नाही, बायको खूश. आगीतून उठून फुफाट्यात पडलोय, हे फुफाटा गार लागल्यावर कळतंय कुणाला?

हिवाळ्यात घशाला कोरड पडायला लागली. सकाळी पहिली हाक फुटक्या बांबूतून आल्यासारखी निघायची. मग एकदा ताप आला, घशात पांढरे ठिपके आले, औषधाने गेले. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. घसा खवखवला की हा पुदिना ओढायचा, कारण ओढताना बरं वाटायचं. ओढून झालं की आणखी कोरड. निबियाने व्हेप भोपळ्याच्या सालींत फेकला, तर याने सालींत हात घालून काढला आणि धुऊन पुसून खिशात ठेवला.

"आंब्याची कोय असती तर एवढी चोखली नसतीस," ती म्हणाली.

"सिगारेट सुटली ना? मग?"

मंडळाच्या तालमी चेंडूंच्या खेळाच्या क्लबात, पत्र्याखाली चालत. तिथे 'माते' नावाच्या काढ्याचा प्याला फिरायचा. कडू पाला, गरम पाणी आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नळी. नळी पुसली तर समोरच्याचा अपमान. लग्नं मोडली असतील तिथे एवढ्यावरून. त्या फेरीत हळूहळू आदेमारचा व्हेपही फिरायला लागला. कुणी ठरवलं नव्हतं. प्याला आला की घोट, व्हेप आला की झुरका, आणि पुढच्याकडे. नको म्हणायची रीतच नव्हती.

मंडळाचा म्होरक्या दार्दो कान देऊन ऐकत होता. एका संध्याकाळी त्याने आदेमारला बाजूला घेतलं.

"म्हाताऱ्या, वरचा सूर तुला लागत नाहीये."

"सर्दी आहे रे."

"सर्दी आपल्या घरी कधी जाणार आहे? निरोपाचं गाणं दायानाला शिकव. तुझा आवाज आला तर तुझं, नाहीतर तिचं."

मंडळातली दायाना एरवी बसमध्ये तिकिटं फाडायची. तिशीची, जीभ तिखट, आवाज स्वच्छ. आदेमारला आत कुठेतरी कापल्यासारखं झालं. पण त्याने शिकवलं, आणि मनापासून शिकवलं. श्वास कुठे चोरायचा, ओळ कुठे सोडायची, सगळं दिलं.

वस्तीसमोर पहिल्यांदा गायचं, त्या दिवशी दायानाचा घसा भीतीने आवळला. आदेमारला सकाळपासून कणकण होती. तो कुणाला बोलला नव्हता. त्याने व्हेप पुढे केला. "ओढ पोरी, घसा मोकळा होतो."

"मी नाही हो ओढत."

"माझ्या हातचं नाही म्हणतेस?"

तिने ओढला. गायलीही झकास. लोक उठून उभे राहिले आणि आदेमारने सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या.

आठवडा झाला नसेल, दायाना दवाखान्यात पडली. घशात गळू, थुंकीही गिळवेना. आदेमार संत्री घेऊन गेला. तिने संत्र्यांकडे बघितलं, मग गळ्याकडे बोट केलं. जिला थुंकी गिळवेना तिला संत्री कशी आणायची, एवढंही याला सुचलं नव्हतं. ती कागदाच्या रुमालावर लिहू लागली: "तुम्हालाही ताप होता का तेव्हा?"

तो हो म्हणाला. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिथल्याच डॉक्टरीणबाईंनी याचा आवाज ऐकला आणि याला बसवलं. नाकातून नळी घालून घसा बघितला.

"काय ओढता?"

"काही नाही. वाफ."

"ती पाण्याची नव्हे. त्याने घशाचं अस्तर कोरडं पडतं, सुजतं. ओलं अस्तर म्हणजे दारावरचा कुत्रा. तो आजारी पडला की चोरांचं फावतं. कुणाला किती होतं, हे आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. पण तुमच्या स्वरतंतूंना सूज आहे, ती मला दिसतेय. ओढणं बंद आणि गाणंही बंद."

"आणि तिला माझ्यामुळे झालं?"

"तुमच्यामुळेच, असं मी छातीठोक नाही सांगणार. ताप असताना तोंडातली वस्तू तिच्या तोंडात दिलीत, एवढं तुम्हीच सांगताय."

"आवाज येईल का परत?"

"मार्चमध्ये बघू."

तालमीत त्याने घोगऱ्या आवाजात सगळं सांगितलं. कुणी म्हणालं, "डॉक्टरांना काय, उद्या मातेही बंद करतील." पण तिघं-चौघं आपोआप घसा चाचपायला लागले. दार्दोने हातातला प्याला पुढे न देता खाली ठेवला. मग म्हणाला, "आजपासून ज्याचं त्याने आपलं आपलं प्यायचं." दुसऱ्या दिवशी जो तो आपापला प्याला घेऊन आला, आणि फेरीच उरली नाही. गप्पाही आटल्या. हेही आपल्यामुळेच, असं आदेमारला वाटत राहिलं.

कार्निव्हल काही कुणासाठी थांबत नाही. दार्दोने निरोपाचं गाणं खालच्या पट्टीत आणलं, सगळ्यांनी मिळून गायचं ठरलं. आदेमारला रांगेत उभं केलं, रंग फासून, तोंड मिटून. लोकांना तो दिसला नसता तर त्यांनी मांडव डोक्यावर घेतला असता. दायाना प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसली होती. बरी झाली होती, पण गायला अजून बंदी होती.

गाणं सुरू झालं. मागून कुणी ओरडलं, "आवाज सोड रे आदेमार! सासूला गोड बोलव!" माणसं हसली. याचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता, तरी गेला.

मग ती जागा आली, जिथे तो वर जायचा. खालचे आवाज आपल्या वाटेने पुढे गेले आणि वर कुणीच नव्हतं. लोकांना ते कळलं. हसणं थांबलं. आदेमारने दायानाकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ओठ न हलवता ती तो सूर मनातल्या मनात लावत होती, हे तिच्या गळ्यावरून कळत होतं. त्याने आवंढा गिळला. अजून दुखत होतं.

मंडळी गात गात पायऱ्या उतरून गर्दीत शिरली. तिच्या खुर्चीपाशी आदेमार थांबला, पण गाणं संपेपर्यंत तोंड मिटूनच ठेवायचं होतं. तिने पाय मागे घेतले, त्याला जायला वाट दिली.