साडूसारखाच बास

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाला बँडमधले सगळे ‘खांब’ म्हणत. गाणं कितीही उसळो, हा बास गिटार घेऊन कोपऱ्यात उभा, जागचा हलायचा नाही. दर शनिवारी हॉटेलात वाजवायचा आणि सासरच्या गोतावळ्यात वाद्यातलं कळणारा म्हणून मिरवायचा. हे सुख साडूला बघवलं नाही, असं निदान खांबाचं मत.

साडू विमा कंपनीत. कालपरवा बास शिकायला लागला आणि एकदम कारागिराकडून पाच तारांचा बास बनवून घेतला. खांबाची बायको म्हणाली, "किती गोड वाजवतात हो भावजी!" इतक्या वर्षांत नवऱ्याला ती ‘आवाज कमी करा’ याखेरीज काही म्हणाली नव्हती. खांबाच्या पोटात जे दुखायला लागलं, ते थांबेचना.

तो त्याच कारागिराकडे गेला. तिथे टांगलेला चार तारांचा तयार बास त्याने सहज वाजवून पाहिला. हात असा बसला, की कारागीर म्हणाला, "हाच न्या. तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे."

"साडूकडे पाच तारा आहेत."

"मग बनवून देतो. लाकूड कुठलं? तारांचा आवाज उचलणारे पिकअप कुठले?"

"त्याचे आहेत तेच. लाकूड तेवढं त्याच्यापेक्षा भारी."

कारागिराने कागद पसरला. गिऱ्हाइकाचा पंजा त्यावर आखून घ्यायचा आणि त्या मापाने गिटारची मान घडवायची, ही त्याची पद्धत. "हात ठेवा."

"साडूचा पंजा आहे ना तुमच्याकडे? तोच धरा. तसूभर फरक नको."

"अहो, पण हात तुमचा..."

"मी सांगतो तसं करा!"

बास आला. कौतुकाला साडू, मेहुणी, सगळे जमले. लिफ्टचे नट आवळून जाड झालेली खांबाची बोटं त्या नाजूक मानेवर मावेनात. एक तार दाबावी तर दोन दबत.

"बघू भाऊ," म्हणत साडूने बास घेतला. आणि तो असा वाजला, की बायकोने डोळे मिटले. खांबाला वाटलं, हिसकावून घ्यावा आणि आपटावा.

साडूने बास अदबीने परत दिला. "भाऊ, कधी विकायचा झाला, तर आधी मला सांगा हं."

"विकायचा नाही," खांब म्हणाला आणि त्याने तो छातीशी धरला.

"नका विकू," बायको हळूच म्हणाली, "पण त्यांना अजून एक वाजवू द्या ना."

खांबाने बास साडूच्या हातात दिला.